सलामीची जोड

हरितालिकेचा उपास होता. त्यामुळे त्या रात्री स्वयंपाकघरात काम कमी होतं आणि कान मोकळे होते. २८ ऑगस्ट २०१४, गुरुवार. मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर गावात पुतणीच्या घरी आम्ही दोघं उन्हाळ्यापासून मुक्काम ठोकून होतो. दुसऱ्या दिवशी दीड दिवसाचे गणपती बसायचे होते, आणि शनिवारी दुपारी बाराला, म्हणजे ऐन विसर्जनाच्या दिवशी, मिशिगनच्या फुटबॉल संघाचा हंगामातला पहिला सामना होता. गावभर पिवळे-निळे झेंडे लागले होते. तो पिवळा म्हणजे मक्याच्या दाण्याचा पिवळा. विद्यापीठाच्या रंगाचं अधिकृत नावच 'मका' आहे हे कळल्यावर मला या लोकांबद्दल जरा आपुलकी वाटली.

हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू हातात धरायचा किंवा फेकायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांच्या हवाली करायचा. आमचे हे सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे आणि तीस वर्षं शाळेचा कबड्डी संघ सांभाळायचे. त्यांना हा खेळ दोन दिवसांत उमगला. "कबड्डीच आहे ही. फक्त दम घालवायची भीती नाही आणि अंगात चिलखत," असा त्यांचा निकाल. पुतणी इथलीच पदवीधर, खेळाची वेडी. ती मखरासाठी पुठ्ठा कापत होती आणि हे डिंकाची बाटली धरून बसले होते. पुढचं झालं तसं सांगते. मध्येमध्ये मी तोंड घातलंय, तेवढं चालवून घ्या.

काका: शनिवारी समोर कोण आहे?

पुतणी: ॲपलॅचन स्टेट.

काका: कसले आहेत?

पुतणी: काका, उद्या गणपती बसायचेत. ते नाव फार वेळा घ्यायला लावू नका.

काका: एवढं काय खाल्लंय त्यांनी तुमचं?

पुतणी: सांगते. २००७ च्या ऑगस्टमध्ये मी इथे एमएसला आले. येऊन दोन आठवडे झाले होते, वर्गही सुरू नव्हते. रूममेट म्हणाली, चल, पहिली मॅच आहे, सोपी आहे, जिंकून लवकर घरी येऊ. एक सप्टेंबर होता. स्टेडियमवर पोचलो तर बाहेरून भिंत दिसते एवढीशी. आत पाऊल टाकलं आणि पायाखाली दरीच. अर्ध्याहून जास्त स्टेडियम जमिनीत खणलेलं आहे.

काका: कोल्हापूरच्या खासबाग मैदानासारखं. वरून आत जायचं आणि बघत बघत खाली उतरायचं.

पुतणी: अगदी. फक्त त्या दिवशी माणसं होती एक लाख नऊ हजार दोनशे अठरा. मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर. आणि समोर नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातल्या बून नावाच्या गावचं कॉलेज. गाव ३,३३३ फुटांवर. संघ खालच्या गटातला. वरच्या गटातल्या कॉलेजला ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देता यायची, त्यांच्या गटात ६३.

काका: थांब. ही जोड लावली कुणी?

हे असं विचारतील याची मला खात्रीच होती. जत्रेच्या मैदानात यांनी पंचांच्या शेजारी बसून जोडी लावताना पाहिल्यात. दोन्ही पोरांना उभं करायचं, दंड बघायचे, वय विचारायचं, कुठल्या तालमीचा ते विचारायचं आणि मग इनामाचा आकडा ठरवायचा. काटा जोड लागली की मैदान खूश. पन्नास किलोच्या पोरापुढे ऐंशी किलोचा गडी सोडला तर लोक पंचांनाच शिव्या घालतात.

पुतणी: कुणी म्हणजे काय, दोन्ही कॉलेजांनी मिळून. मिशिगनने त्यांना चार लाख डॉलर दिले.

काका: (डिंकाची बाटली खाली ठेवत) म्हणजे त्या वेळचे दीड कोटीच्या वर. मार खायला यायचे?

पुतणी: खेळायला यायचे. मार खावा ही अपेक्षा असते, अट नसते. आपल्याला घरच्या मैदानावर जास्तीत जास्त सामने हवे असतात, प्रत्येक सामन्याला लाखभर तिकिटं खपतात. तोलामोलाचा संघ असला तर तो म्हणतो, या वर्षी मी येतो, पुढच्या वर्षी तुम्ही आमच्याकडे या. छोटा संघ असं म्हणत नाही. तो पैसे घेतो, बसने किंवा विमानाने येतो, खेळतो आणि जातो. त्या पैशांत त्यांच्या कॉलेजचे बाकीचे खेळ चालतात. पोहणं, टेनिस, सगळं.

काका: नुरा कुस्तीच म्हणायची.

पुतणी: नाही हो काका! नुऱ्यात दोघंही आतून मिळालेले असतात. इथे पाहुणा खरोखर लढतो. आणि त्या दिवशी तर...

इथे तिने कात्री खाली ठेवली. सात वर्षं झाली, तरी ती हे सांगताना कात्री खाली ठेवते.

पुतणी: पहिल्या अर्ध्यात २८-१७. त्यांचे २८. मला नियम कळत नव्हते, पण माणसं कळत होती. शेजारचा मुलगा आधी हसत होता, मग चिडला, मग गप्प झाला. दुसऱ्या अर्ध्यात मिशिगन सावरला. साडेचार मिनिटं उरली असताना माइक हार्ट ५४ यार्ड पळाला आणि ३२-३१ झालं. स्टेडियम हललं. मला वाटलं, संपलं. मग मिशिगनने त्यांचा पास पकडला, फील्ड गोल मारायला गेले आणि त्यांनी तो अडवला. तिथून ते परत आले, २६ सेकंद उरली असताना गोल मारला, ३४-३२. तरी मिशिगनने एक लांब पास टाकला आणि पुन्हा गोलाच्या टप्प्यात आला. ३७ यार्ड. शेवटची किक. आणि कोरी लिंच नावाचा एक मुलगा फळीच्या कडेने घुसला, त्याने तो चेंडू अडवला, उचलला आणि दुसऱ्या टोकाकडे पळत सुटला.

काका: मग?

पुतणी: मग काही नाही. एक लाख माणसं आणि आवाज नाही. कोपऱ्यातल्या मूठभर काळ्या-सोनेरी कपड्यांतल्या लोकांचाच आवाज. बूनमध्ये पोरांनी आपल्याच मैदानावरचे गोलपोस्ट उपटले आणि कुलगुरूंच्या अंगणात नेऊन टाकले, तो फोटो नंतर पाहिला. मिशिगन पाचव्या क्रमांकावरून एका आठवड्यात पंचवीसच्याही बाहेर गेला. खालच्या गटातल्या संघाने क्रमवारीतल्या संघाला हरवण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर क्रमवारी काढणाऱ्या एपी वृत्तसंस्थेने नियमच बदलला, खालच्या गटातल्या संघांनाही मतं देता येऊ लागली.

काका: बरं. आता मला एक सांग. सामन्याच्या आधी तुम्हा लोकांना त्यांच्याबद्दल काय माहीत होतं?

पुतणी: कुणाला, मला?

काका: तुला नव्हे. गावाला. पेपरवाल्यांना, पैज लावणाऱ्यांना.

पुतणी: लास व्हेगासच्या बहुतेक सट्टेबाजांनी त्या सामन्यावर भावच काढला नव्हता. असल्या सामन्यावर कुणी पैसे लावतं का?

काका: आणि नंतर काय कळलं?

पुतणी: नंतर कळलं की ते आपल्या गटाचे दोन वर्षं सलग विजेते होते. २००५ आणि २००६. त्या वर्षीही जिंकले, तिसऱ्यांदा. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, अरमांटी एडवर्ड्स. मोठ्या कॉलेजांना तो क्वार्टरबॅक म्हणून नको होता, दुसऱ्या जागी खेळ म्हणायचे. तो फेकायचाही आणि पळायचाही. पुढे त्यांच्या गटातला सर्वोत्तम आक्रमकाचा पुरस्कार त्याने दोनदा मिळवला, तसं त्याआधी कुणीच केलं नव्हतं.

काका: आणि रचना?

पुतणी: पांगलेली. दोन फळ्यांनी मधोमध म्हशींसारखी टक्कर द्यायची, असा मिशिगनचा जुना खेळ. यांनी माणसं मैदानाच्या रुंदीभर पसरली. मग बचाववाल्यांनाही पसरावं लागतं, आणि मध्ये भेगा पडतात.

काका: चढाईवाला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळाला की साखळी ताणली जाते. एक हात सुटला की तो आत. हे मी आठवीच्या पोरांना शिकवत होतो. पुढे? तुमचा बचाव कसा होता?

पुतणी: (जरा वेळाने) आधीच्या वर्षीचा फार चांगला होता. ११ पैकी ११ जिंकलो होतो. मग ओहायो स्टेटने ४२-३९ ने हरवलं, असंच माणसं पांगवून. आणि त्या बचावातले वुडली, ब्रँच, हॅरिस, हॉल, चौघंही नंतर एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. पहिल्या दोन फेऱ्यांतच.

काका: म्हणजे असं झालं बघ. समोर दोन वर्षांचा विजेता. त्याच्याकडे पळणारा क्वार्टरबॅक. ज्या रचनेने तुम्हाला मागच्या हंगामात फोडलं तीच रचना. आणि तुमची भिंत तर निघून गेलेली. हे सगळं आधीच छापलेलं होतं की! मग चमत्कार कसला?

पुतणी: काका, हे उत्तरपत्रिका हातात घेऊन गणित सोडवणं झालं.

काका: अगं, गणित आधीही सुटत होतं. कुणी मांडलंच नाही. तुम्ही पाहुण्याचं गाव बघितलं, गट बघितला, मानधन बघितलं. पोरं बघितली नाहीत.

यावर ती हसली नाही. मग म्हणाली, सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच आहे. ॲपलॅचनचे कोच जेरी मूर आणि त्यांचे सहकारी ती पांगलेली रचना शिकायला वेस्ट व्हर्जिनियाला गेले होते, तिथले कोच रिच रॉड्रिगेझ यांच्याकडे. त्या हंगामानंतर मिशिगनचे लॉइड कार निवृत्त झाले, आणि मिशिगनने कोच म्हणून आणलं कुणाला, तर त्याच रॉड्रिगेझना. पहिल्या वर्षी ३ जिंकले, ९ हरले. हे टेबलावर हात आपटून एवढे मोठ्याने हसले की शेजारच्या खोलीतलं बाळ उठलं. त्याला परत झोपवायला मीच गेले. अशा कामात यांचं गणित कधीच चालत नाही.

परत आले तर विषय या वर्षावर आला होता.

पुतणी: म्हणूनच म्हणते, या संघाला घाबरलं पाहिजे. शनिवारच्या सामन्याबद्दल जो तो लिहितोय की या वेळी सोपं आहे. तेव्हाही सोपंच होतं.

काका: या वर्षी कसे आहेत ते?

पुतणी: या वर्षी ते वरच्या गटात आले, सन बेल्ट नावाच्या साखळीत. वरच्या गटातला त्यांचा पहिला सामना तो हाच. गेल्या वर्षी ४ जिंकले, ८ हरले. जॉर्जियाने ४५-६ ने हरवलं. मार्कस कॉक्स नावाचा धावणारा आहे, पहिल्याच वर्षी हजार यार्डांच्या वर पळाला. मूर गेले, आता स्कॉट सॅटरफील्ड कोच आहेत. आणि ऐका, २००७ मध्ये तेच क्वार्टरबॅकना शिकवायचे. अरमांटी एडवर्ड्स त्यांच्याच हाताखालचा.

काका: सॅटरफील्ड मैदानात उतरणार आहेत का?

पुतणी: कोचचा काहीच हात नसतो असं तुम्ही म्हणताय? तुम्ही?

काका: असतो. पण कोच पोरांकडे बघून खेळ बसवतो. २००७ ला वीस वर्षांचा असलेला पोरगा आज सत्तावीसचा झाला. नोकरी करत असेल, लग्न झालं असेल. तू ज्यांना घाबरतेस ते आता कुणाला तरी घराचं कर्ज मंजूर करून देत असतील. कॉलेजचा संघ म्हणजे धर्मशाळा. पाटी तीच, मुक्कामाला माणसं दुसरी. पाटीशी कसली कुस्ती?

पुतणी: मग आठवणीला काही किंमतच नाही?

काका: घरात आहे. मैदानात नाही.

पुतणी: उलट आहे काका. तुम्ही आकडे बघता, ४ आणि ८. पण त्या मुलांनी त्याच कॉलेजात प्रवेश घेतला त्याचं एक कारण २००७ आहे. त्यांच्याकडे भिंतीवर तो फोटो असणार. आमच्या मुलांकडे तसला फोटो नाही, आमच्याकडे फक्त लाज आहे. दोन्ही बाजू काही कोऱ्या पाटीने येत नाहीत. विद्यापीठाने हा सामना मुद्दाम ठेवलाय असं सगळे म्हणतात. सात वर्षांपूर्वीचा डाग धुवायला.

काका: ज्यांनी डाग पाडला ते आता नाहीत. ज्यांच्या अंगावर पडला तेही नाहीत. सदराच दुसरा आहे, धुणार काय?

पुतणी: सदरा नाही हो, माझ्या डोळ्यांवरचा!

आता इथे मला बोलणं भाग आहे, कारण हे स्वतः कधी सांगायचे नाहीत. यांचंही एक बून आहे. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात एकदा जत तालुक्यातल्या एका शाळेने यांच्या संघाला हरवलं होतं. सात पोरं, सगळी अनवाणी, दोघांच्या बनियनवर शाईने नंबर काढलेले. आमची पोरं त्यांना बघून हसली होती, आणि हेही हसले होते. त्या रात्री घरी येऊन हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि तिच्यात समोरच्या प्रत्येक शाळेची पोरं लिहायला लागले. कोण डाव्या पायाने बोनस घेतो, कोण दम टिकवायला मान खाली घालतो, कोणाच्या घोट्याला जुनी दुखापत. एकवीस वर्षं लिहिली. अशा सतरा वह्या आमच्या माळ्यावर आहेत आणि त्या रद्दीला द्यायला मला परवानगी नाही. म्हणजे मार दोघांनीही खाल्ला होता. तिने नाव लक्षात ठेवलं, यांनी घोटे लक्षात ठेवले, एवढाच फरक. कोणाचं शहाणपणाचं, हे मला त्या रात्री ठरवता आलं नाही.

काका: बरं, घाबरायचंच असेल तर कशाला घाबरायचं ते तरी बरोबर निवड. गेल्या वर्षी तुम्ही छोट्या संघांशी कसे खेळलात?

पुतणी: ॲक्रन. २८-२४. शेवटच्या काही सेकंदांत ते गोलरेषेपाशी होते. मी नखं खाल्ली. त्याआधीची तीन वर्षं तो संघ दर वर्षी एक जिंकायचा आणि अकरा हरायचा.

काका: मग ॲक्रनने तुमचं काय दाखवून दिलं?

पुतणी: (नाइलाजाने) की आमची पुढची फळी कच्ची आहे.

काका: किती कच्ची?

पुतणी: मिशिगन स्टेटशी धावण्याचे यार्ड उणे ४८.

काका: उणे?

पुतणी: उणे. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला मागेच पाडलं तर ते गेलेले यार्डही धावण्यातून वजा होतात. आमच्या क्वार्टरबॅकला सात वेळा पाडलं. पुढच्याच आठवड्यात नेब्रास्काशी उणे २१.

काका: (वहीत लिहिल्यासारखं बोट हवेत फिरवत) साठ मिनिटं धावून माणूस निघाला त्याच्या मागे. आणि त्या फळीतले चांगले कोण होते?

पुतणी: लुवन आणि स्कोफील्ड, दोन्ही टोकांचे. दोघंही एनएफएलमध्ये गेले. पण आक्रमणाचा नवा प्रशिक्षक आलाय, नसमायर, अलाबामाहून.

काका: म्हणजे उणे ४८ वाल्या फळीतले बरे दोघं गेले. आणि तू बूनच्या भुताला घाबरतेस.

पुतणी: मग तुमचा अंदाज सांगा.

काका: चाळीस गुणांनी जिंकाल.

पुतणी: जिंकूच. पण काका, मी लिहून देते, चाळीस गुणांनी जिंकलो तरी त्यातून आमच्याबद्दल काहीच कळणार नाही. त्यांची पुढची फळी आपल्यापेक्षा हलकी आहे. हलक्या फळीवर धावता आलं म्हणजे धावता येतं असं होत नाही.

काका: हे मला पटत नाही. सलामीला खेळ दिसतोच. आता बघ, प्रो कबड्डीचा हा पहिलाच हंगाम. अगदी पहिल्या सामन्यात यू मुंबाने जयपूरला ४५-३१ ने हरवलं. मी तिथेच ओळखलं, यंदा मुंबाच. आलेत की नाही उपांत्य फेरीत?

पुतणी: आले. जयपूरही आलंय.

काका: योगायोग.

मखर साडेअकराला उभं राहिलं. डाव्या बाजूला जरा कललेलं होतं, पण गणपतीने ते मनाला लावून घेतलं नाही.

शनिवारी सकाळी नऊलाच उत्तरपूजा उरकली. अंगणात बादलीत विसर्जन केलं, ते पाणी गुलाबाला घातलं. दोन तिकिटं होती, म्हणून ती यांना घेऊन गेली. यांनी डोक्यावर गांधी टोपी घातली होती. तिने पिवळी टोपी पुढे केली तर म्हणाले, ऊन सारखंच लागतं. चारच्या सुमारास परत आले ते दोघंही घसा बसवून.

मध्यंतराला ३५-०, शेवटी ५२-१४. धावण्याचे यार्ड ३५०. डेरिक ग्रीन एकटा १७० पळाला, डव्हॉन स्मिथ ११५. डेव्हिन फंचेसने तीन टचडाऊन केले. यांनी हे सगळे आकडे तिकिटाच्या मागे लिहून आणले होते आणि उकडीचा उरलेला मोदक खाता खाता मला वाचून दाखवले.

काका: उणे ४८ वरून ३५०. अडतीस गुणांचा फरक. मी चाळीस म्हटलं होतं.

पुतणी: अंदाज बरोबर आला. मान्य.

काका: मग तोंड का पाडलंस?

पुतणी: तोंड नाही पाडलं. मजा आली. शेवटच्या मिनिटात मी त्यांच्या कोपऱ्याकडे बघितलं. ५२ गुण खाल्ले तरी त्यांची पोरं-पोरी उभी राहून ओरडत होती. मला वाटत होतं, सात वर्षांनी आज काहीतरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही. ते दुसरेच कोणी होते. तुम्ही म्हणालात तसं.

काका: मी म्हणालो होतो ते सामन्याबद्दल.

मला यांचं हे वाक्य फार आवडलं. चाळीस वर्षांत असं बोललेले मी तीनदाच ऐकलेत.

रविवारी सकाळी साडेदहाला, तिकडे रात्रीचे आठ, प्रो कबड्डीचा अंतिम सामना होता. यू मुंबा आणि जयपूर. हे पहाटेपासून आंघोळ करून तयार. पुतणीने लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला.

काका: सलामीलाच चौदा गुणांनी हरवलंय यांना. घोटे माहीत आहेत सगळ्यांचे.

पुतणी: जुलैतले घोटे काका. आज एकतीस ऑगस्ट.

जयपूरने ३५-२४ ने जिंकलं. मुंबाचा अनुप कुमार मैदानातून बाहेर जाताना हे टीव्हीच्या एवढे जवळ जाऊन बसले की तिला काही बोलायची हिंमत झाली नाही. जेवताना मात्र भात वाढता वाढता तिने हळूच विचारलं, "काका, सलामीला खेळ दिसतो ना?" यांनी ताक मागितलं.

त्यानंतरच्या शनिवारी, सहा सप्टेंबरला, मिशिगन नोत्र दामशी खेळला. रात्रीचा सामना, त्यांच्या गावात, म्हणून घरीच पाहिला. ३१-०. मिशिगनला एकही गुण न मिळण्याची १९८४ नंतरची ती पहिली वेळ. पहिल्या अर्ध्यानंतर पुतणीने आवाज बंद केला, तरी चित्र चालूच ठेवलं. ३५० यार्ड पळालेली तीच फळी, तोच ग्रीन. हे पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर बसले होते. सामना संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. तिने उठून कप उचलले.

काका: पुढचा कुणाशी आहे?

पुतणी: मायामी. फ्लोरिडातलं नव्हे, ओहायोतलं. छोटं आहे.

काका: गेल्या वर्षी किती जिंकले?

पुतणी: एकही नाही. बाराच्या बारा हरले.

हे थोडा वेळ बंद टीव्हीकडे बघत राहिले. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "वही आहे का गं घरात एखादी? दोनशे पानी?"